घरखरेदीचा ताळा

गणित सोडवून झालें म्हणजे त्याचा ताळा करून पाहावा, असें शाळामास्तर मुलांना नित्य सांगत असतो. उत्तर आलें एवढ्यानें गणित बरोबर ठरत नाहीं. तें उलट फिरवून मूळच्या आंकड्यांशीं जुळलें, म्हणजे मग तें बरोबर. मीहि जन्मभर हेंच सांगत आलों. परंतु गतवर्षीं वडिलांचें घर विकण्याचा प्रसंग आला, तेव्हां हा नियम माझ्याच मनांतून निसटून गेला होता. तो कसा परत आठवला, आणि घर घेणाऱ्यानें व विकणाऱ्यानें तो कसा पाळावा, हें सांगण्याचा आज विचार आहे.

देवगांव फाटा हें आमचें ठिकाण परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांत आहे. जिंतूर, मंठा आणि सेलू यांकडे जाणाऱ्या वाटा येथें एकत्र होतात. रस्ते जसजसे रुंद झाले, तसतसा रस्त्यालगतच्या जागांना भाव चढला. आमचें घर गांवठाणाच्या कडेला, अशाच रस्त्याजवळचें. फाट्यावर टायरचें दुकान चालविणारा माझा एक जुना विद्यार्थी तें घेण्यास तयार झाला. एके दिवशीं सकाळीं तो चहाच्या हॉटेलांत मला भेटला. रुमालांत बांधलेले पन्नास हजार रुपये आणि एक स्टँपचा कागद त्यानें माझ्यापुढें ठेवला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमचा शब्द हाच माझा कागद. हा इसार धरा आणि चार ओळी लिहून द्या, म्हणजे सौदा पक्का."

मीं लेखणी उचलली. "लिहून देतों कीं, माझ्या एकट्याच्या मालकीचें घर, क्षेत्र तीन हजार चौरस फूट," इतकें लिहून हात थबकला. एकट्याच्या? मानवतास दिलेली माझी धाकटी बहीण डोळ्यांपुढें आली. आणि तीन हजार? वडिलांच्या खरेदीखतांत पन्नास फूट रुंद व साठ फूट लांब असें होतें खरें. परंतु मधल्या काळांत रस्ता वाढला, त्यांत समोरची पट्टी गेली, आणि तिचा मोबदला वडिलांनीं घेतलेला मला पक्का आठवत होता. एका ओळींत दोन चुका झाल्या होत्या आणि लिहिणारा मास्तर होता. मीं कागदाची घडी केली, पैसे परत दिले आणि म्हटलें, "आठ दिवस थांब. आधीं ताळा करूं."

श्रोतेहो, त्या दिवशीं मी सही करून मोकळा झालों असतों, तर काय झालें असतें याचा विचार करा. त्या मुलाची पंधरा वर्षांची कमाई एका खोट्या ओळीवर उभी राहिली असती, आणि बहिणीला आपल्याच भावाविरुद्ध कोर्टाची पायरी चढावी लागली असती. हें सारें लबाडीनें झालें असतें असेंहि नव्हे. केवळ संकोचानें, एकमेकांच्या विश्वासानें, 'विचारायचें कसें' या भिडेनें झालें असतें. आपल्याकडील घरांचे बहुतेक तंटे याच वाटेनें जन्माला येतात.

आतां पहिला प्रश्न घेऊं. सौदा पक्का केव्हां होतो? आपल्याकडे स्टँपच्या कागदास 'बाँड' म्हणतात, आणि बाँडवर लिहून खालीं नोटरीचा शिक्का घेतला कीं घर आपलें झालें, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती चुकीची आहे. सन १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याचें ५४ वें कलम स्पष्ट सांगतें कीं, विक्रीचा करार, म्हणजे आपली इसारपावती, सौदाचिठ्ठी किंवा साठेखत, हा स्वतः मालमत्तेंत कोणताहि हक्क निर्माण करीत नाहीं. तें पुढें विकण्याचें वचन आहे. शंभर रुपये अगर अधिक किंमतीच्या घराची मालकी बदलते ती नोंदणी झालेल्या खरेदीखतानेंच. सन १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें असा दस्त सह्या झाल्यापासून साधारणपणें चार महिन्यांचे आंत दुय्यम निबंधकांच्या कचेरींत दाखल करावा लागतो. मुखत्यारपत्रावर घर 'विकत' देण्याची एक पद्धत पडली होती. तिनें मालकी मिळत नाहीं असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०११ मध्यें दिला आहे.

मग साठेखत निरुपयोगी काय? मुळींच नाहीं. वचन मोडलें तर तें पुरें करून मागण्याचा दावा त्याच्याच आधारें करतां येतो. परंतु करारांत ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांचे आंत. माझ्या मतें साठेखताचा खरा उपयोग याहून मोठा आहे. वचन आणि खरेदी यांच्यामध्यें तें कांहीं काळ मिळवून देतें. हा काळ ताळा करण्यासाठीं आहे. आपण मात्र तो नुसती पैशांची जुळवाजुळव करण्यांत घालवितों.

ताळा दोन प्रकारचा: एक कागदांचा, दुसरा भिंतींचा.

कागदांपासून आरंभ करूं. खेड्यांत घर दाखविणारा मनुष्य बहुधा ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठचा उतारा पुढें करतो. हा उतारा घरपट्टीच्या आकारणीचा आहे. घरपट्टी कोणाकडून घ्यावयाची एवढें तो सांगतो. मालक कोण हें तो सिद्ध करीत नाहीं. आमच्या उताऱ्यावर वडिलांच्या पश्चात् माझें एकट्याचें नांव लागलें होतें, तेवढ्यावरून मी एकटा मालक झालों नव्हतों. मालकी पाहावयाची तर विकणाऱ्याकडे ती कोठून आली तें पाहावें. त्याचें खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र किंवा मृत्युपत्र मागावें, आणि तें अस्सल मागावें. नक्कल पुढें करून 'अस्सल घरीं आहे' असें कोणी म्हणाला, तर तें घरींच आहे कीं कर्जापोटीं बँकेच्या कपाटांत आहे, याची खात्री करावी. गांवठाणांतील घरांची ड्रोनद्वारें मोजणी करून मिळकतपत्रिका देण्याची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजीं सुरू झाली. आपल्या गांवची पत्रिका निघाली असल्यास तीहि ताडून पाहावी.

जागा शेतजमिनींतून निघालेली असेल, तर सातबारा आणि त्यावरील फेरफार वाचल्याखेरीज पुढें पाऊल टाकूं नये. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो. लोक मालकाचें नांव वाचून थांबतात आणि कर्जाचा बोजा नेमका या रकान्यांत बसलेला असतो. 'भोगवटादार वर्ग २' असे शब्द दिसले, तर ती जमीन सरकारच्या परवानगीवांचून विकतां येत नाहीं असें समजावें. शेतजमिनीचे लहान तुकडे विकण्यावर सन १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्याचें बंधन आहे. त्याच्या सवलती वेळोवेळीं बदलत आल्या आहेत, म्हणून आजचा नियम तहसील कचेरींत विचारावा.

आपल्या मराठवाड्याची आणखी एक अडचण आहे. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या काळचे दस्त उर्दूंत असतात आणि त्यांवर फसली सन असतो. त्या सनांत ५९० मिळविले म्हणजे सुमारें इसवी सन येतो. अशा दस्ताची केवळ तोंडी हकीकत ऐकून समाधान मानूं नये. उर्दू जाणणाऱ्याकडून तो अक्षरशः वाचवून घ्यावा. कित्येक जमिनी देवस्थानाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठीं इनाम दिलेल्या होत्या. इनामदाराचा वंशज आज ती जमीन कसतो म्हणून ती त्याला विकतां येतेच असें नाहीं. सन १९५४-५५ चें खासरा पत्रक काढून त्यावेळीं जमिनीचें स्वरूप काय होतें तें पाहिलें, कीं पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

याशिवाय निबंधक कचेरींतील सूची क्रमांक दोनचा शोध घ्यावा. त्या मिळकतीवर पूर्वीं कोणते नोंदलेले व्यवहार झाले, तें त्यांत कळतें. वकील साधारणपणें मागील तीस वर्षांचा शोध घेतात. संगणकावरहि हा शोध आतां घेतां येतो. वकिलाची फी जड वाटते, पण ती घराच्या एका दरवाजाच्या किंमतीहून फारशी अधिक नसते, आणि ती वांचविण्यासाठीं लोक सबंध घर गमावतात.

आतां वारसांविषयीं. माझे वडील मृत्युपत्र न करितां वारले. घर त्यांनीं स्वतः विकत घेतलेलें होतें. सन १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याप्रमाणें अशा मिळकतींत मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई यांना सारखा हिस्सा मिळतो. आजी वडिलांच्या आधींच गेली होती आणि पुढें आईहि गेली. उरलों आम्ही दोघें भावंडें, निम्मेनिम्म्याचे मालक. वडिलोपार्जित एकत्र मिळकतींतहि मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे असें ९ सप्टेंबर २००५ पासून कायद्यानें ठरविलें, आणि त्यासाठीं त्या दिवशीं वडील हयात असण्याची जरूर नाहीं असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं दिला. ज्यांना हा कायदा लागू नाहीं त्यांचे हिस्से त्यांच्या कायद्याप्रमाणें ठरतात; परंतु विचारावयाचा प्रश्न एकच: वारस एकंदर किती, आणि त्या सर्वांच्या सह्या होणार कीं नाहीं? त्यांत कोणी अज्ञान असेल, तर हिंदु कुटुंबांत त्याचा हिस्सा विकण्यास आईबापांनाहि कोर्टाची परवानगी काढावी लागते.

मी मानवतास गेलों. मनांत असें होतें कीं, बहिणीकडून हक्कसोडपत्र घ्यावें. लग्नांत वडिलांनीं खर्च केलाच होता, असें लोक म्हणतात तें मीहि मनाशीं म्हणत होतों. तिनें सारें ऐकून घेतलें आणि शांतपणें म्हणाली, "दादा, माझी सही हवी तर मी येईन. पण सोडणारी म्हणून येणार नाहीं, विकणारी म्हणून येईन." मला उत्तर सुचलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर उत्तर नव्हतेंच. खरेदीखतांत 'लिहून देणार' या शब्दांखालीं दोन नांवें असावयास पाहिजेत, हें त्या ओटीवर बसून ठरलें.

दुसरा ताळा भिंतींचा. अमेरिकेसारख्या देशांत घराची तपासणी करणारे स्वतंत्र धंदेवाले असतात, आणि करारांतच तपासणीसाठीं कांहीं दिवसांची मुदत ठेवलेली असते. तपासणींत मोठा दोष निघाला तर घेणाऱ्याला मागें फिरतां येतें. आपल्याकडे तसा धंदा खेडोपाडीं नाहीं; पण जाणता गवंडी आहे, सुतार आहे, आणि आपले डोळे आहेत. विकणाऱ्यानें नेमलेला गवंडी मात्र नसावा. मीं माझ्या विद्यार्थ्यास त्याच्या पसंतीचा गवंडी आणण्यास सांगितलें.

परभणीकडील काळी जमीन कापसाला उत्तम, पण घराला कठीण. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत आक्रसते आणि तिला भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत नेला नसेल, तर या हालचालीबरोबर भिंतहि हालते. दार-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या निघालेल्या भेगा ही याची खूण. आमच्या समोरच्या खोलींत तशी एक भेग होती. दर दिवाळीस मी ती सिमेंटनें भरून वरून रंग देत असें. गवंड्यानें नखानें रंग खरवडला आणि माझ्याकडे पाहिलें. मीं सांगितलें, "होय, दरसाल उघडते." घर पाहणाऱ्यानें म्हणून एकदां भर पावसांत आणि एकदां वैशाखांत पाहावें, तेवढा अवधि नसेल, तर शेजाऱ्यास विचारावें. नव्या रंगाला भुलूं नये.

मागील खोल्या दगडमातीच्या, वर माळवद. माळवदाचें घर उन्हाळ्यांत थंड असतें हें खरें. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारों माणसें अशाच घरांखालीं गाडलीं गेलीं, हें विसरतां येत नाहीं. त्या जिल्ह्यांतील दुसऱ्याचें नांव आतां धाराशिव झालें आहे. गळती थांबावी म्हणून छपरावर वर्षानुवर्षें माती चढत गेली होती, आणि भिंतींचे आंतले व बाहेरचे थर एकमेकांत गुंतलेले नव्हते. तेव्हां माळवदाचें घर घेतांना मातीचा थर किती आहे, भिंतीला पोट आलें आहे काय, तिच्यांतून आरपार जाणारे लांब दगड घातले आहेत काय, हें पाहावें. तुळईचें भिंतींत शिरलेलें टोंक ठोकून पाहावें. वाळवी लागली असेल तर आवाज पोकळ येतो. सिमेंटच्या स्लॅबच्या घरांत छताच्या खालच्या अंगाला तांबूस डाग आणि सुटलेले पोपडे दिसले, तर आंतील लोखंड गंजत आहे असें समजावें. बोअरचें पाणी उन्हाळ्यांत टिकतें काय, सांडपाणी कोणाच्या जागेंतून जातें, आणि येण्याजाण्याची वाट कागदांत आहे कीं शेजाऱ्याच्या मेहरबानीवर आहे, हेंहि विचारावें.

शेवटीं टेप लावला. रुंदी पन्नास फूट ठीक भरली. लांबी भरली चौपन्न. पन्नास गुणिले चौपन्न म्हणजे सत्तावीसशें. तीनशें चौरस फूट रस्त्यांत गेले होते. चतुःसीमा कागदावर लिहितांना त्या प्रत्यक्ष पायांनीं चालून पाहाव्या. वाद असेल तेथें भूमि अभिलेख कचेरीकडून मोजणी करवून घ्यावी. महामार्गालगत जागा असेल, तर रस्त्याच्या मध्यापासून किती अंतरापर्यंत बांधकामास मनाई आहे, हें विचारल्याशिवाय पुढील बांधकामाचे बेत करूं नयेत.

येथें कोणी म्हणेल, विकणाऱ्यानें आपल्या घराचे दोष स्वतःच कां सांगावे? त्याचें एक उत्तर कायद्यांतच आहे. त्याच १८८२ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमानें विकणाऱ्यावर असें कर्तव्य ठेविलें आहे कीं, मिळकतींतील किंवा मालकींतील जो महत्त्वाचा दोष त्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनहि कळण्याजोगा नाहीं, तो त्यानें उघड करावा. रंगाखालीं दडविलेली भेग याच वर्गांत येते. दुसरें उत्तर व्यवहाराचें आहे. आधीं सांगितलेल्या दोषानें किंमत थोडी उतरते. मागाहून सांपडलेल्या दोषानें माणूस उतरतो.

आठवे दिवशीं आम्ही साठेखत लिहिलें आणि तें सेलूस नेऊन नोंदविलें. त्यांत काय घातलें तें सांगतों, म्हणजे इतरांस उपयोगी पडेल. दोन्ही मालकांचीं नांवें. मोजून भरलेलें क्षेत्र आणि चारी सीमा. ठरलेली किंमत, इसार आणि बाकी रक्कम देण्याच्या तारखा. दाखविलेल्या कागदांची यादी. सांगितलेले दोष, भेग आणि वाळवी यांसह. वकिलाच्या शोधांत मालकीचा दोष निघाल्यास किती दिवसांत इसार परत द्यावयाचा. घेणाऱ्यानें विनाकारण माघार घेतल्यास इसाराचें काय. मुद्रांकाचा खर्च कोणाचा. थकलेली घरपट्टी व विजेचें बिल कोणाचें. ताबा कोणत्या दिवशीं. आणि घराबरोबर काय जाणार. ही शेवटची बाब क्षुल्लक वाटते, पण पाण्याची मोटर, पत्रे आणि अंगणांतलें झाड यांवरून झालेलीं भांडणें मीं पाहिलीं आहेत. इसार मात्र बँकेतून घेतला. घराच्या व्यवहारांत वीस हजार रुपये अगर अधिक रक्कम रोख घेणें आयकराच्या कायद्यानें निषिद्ध आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतका होऊं शकतो. रुमालांतले ते पन्नास हजार मीं त्या सकाळीं घेतले असते, तर तीहि एक चूक झाली असती.

ज्यांचे मुलगे-मुली पुण्यास किंवा छत्रपती संभाजीनगरास सदनिका घेत आहेत, त्यांच्यासाठीं दोन शब्द. सन २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणें नोंदलेला करार केल्यावांचून बांधणाऱ्यास किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेतां येत नाहीं. आणि ताबा दिल्यापासून पांच वर्षांचे आंत बांधकामाचा दोष दाखवून दिला, तर तो त्यानें स्वखर्चानें दुरुस्त करून द्यावयाचा असतो. प्रकल्प महारेराकडे नोंदलेला आहे काय, हें आधीं पाहावें.

मी वकील नव्हें. मीं सांगितलेलें ऐकून वकिलाकडे जावें. त्याच्याऐवजीं तें वापरूं नये.

पुढें ठरल्या दिवशीं खरेदीखत झालें. तीनशें फुटांची आणि दुरुस्तीची म्हणून किंमत कमी झाली, आणि उरलेल्या रकमेचे दोन सारखे भाग झाले. मीं मनाशीं धरलेल्या रकमेच्या निम्म्याहूनहि कमी माझ्या हातीं आली. कचेरींत बहिणीचें नांव पुकारलें, तेव्हां तिनें चष्मा लावून सबंध दस्त वाचून काढला; मागें माणसें खोळंबलीं होतीं तरी तिनें घाई केली नाहीं. मग सही केली. माझ्या विद्यार्थ्यानें त्याच दिवशीं फेरफाराचा आणि ग्रामपंचायतींत नांव लावण्याचा अर्ज तयार ठेविला होता.

दिवाळीस बहीण फाट्यावर उतरली, तेव्हां त्या घरावरून आम्ही दोघें गेलों. भिंतीची ती भेग त्यानें खालून पायापर्यंत उकरून नव्यानें बांधून घेतली होती. त्यानें आंत बोलाविलें, आणि आम्ही निःसंकोच आंत जाऊन चहा घेतला. विकलेल्या घरांत ज्याला पुन्हां मान वर करून जातां येतें, त्याचा ताळा जुळला असें मी समजतों.